गोड्या पाण्याचा हात, खाऱ्या पाण्याची टाकी: एका १९० लिटरच्या रीफचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या रीफ टाकीचं आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल्स (प्रवाळ) ठेवायच्या टाकीचं. लिहू का विचारलं तर म्हणाला लिही, फक्त नाव टाकू नकोस. हा माणूस दहा-बारा वर्षं प्लांटेड टँक, म्हणजे गोड्या पाण्यातल्या पाणवनस्पतींच्या टाक्या, करतोय, सीओटू, खतं, छाटणी, सगळं झोपेत करेल इतकं हातात बसलेलं. मग एक दिवस त्याला कोरल्सचं वेड लागलं आणि त्याने मला सामानाची यादी पाठवली. भारीतला एलईडी लाइट, ६०० लिटरला चालेल असा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा), कॅनिस्टर फिल्टर, ३०० वॉटचा एक हीटर, टॉप-ऑफसाठी ५० लिटरचा ड्रम आणि पाणी गार करणारा चिलर. यादी बघून मी एकच विचारलं, की आत कोण राहणार आहे? तर म्हणे ते नंतर बघू, आधी सामान तर येऊ दे.

गाडी इथेच अडली आणि बरं झालं अडली. मऊ कोरल्स ठेवायची असतील, म्हणजे मश्रूम, झोआ, लेदर वगैरे, तर ५० ते १५० पार (कोरल्सना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, हॅमर-टॉर्चसारख्या एलपीएसलाही (मोठ्या पॉलिपची दगडी कोरल्स) साधारण तितकाच लागतो, आणि अ‍ॅक्रोपोरासारखी एसपीएस (छोट्या पॉलिपची दगडी कोरल्स) हवी असतील तर २०० ते ३५० च्या घरात जावं लागतं, शिवाय मग प्रवाह जास्त, डोसिंग (कॅल्शियम वगैरे नेमाने घालणं) पहिल्यापासून आणि चुकीला माफी जवळपास नाही. दोन दिवस घासाघीस झाली आणि ठरलं की पहिलं वर्ष सॉफ्ट आणि एलपीएस, दोन क्लाउनफिश आणि एखाद-दुसरा छोटा मासा. अ‍ॅक्रोपोरा नाही म्हणजे नाही. हे ठरल्यावर यादीतलं एकेक सामान गळायला लागलं.

टाकी ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची. आधी तो म्हणत होता की घरात जुनी टाकी पडलीय, तिच्यातच करू, दगड-वाळूसकट. मी विचारलं हिच्यात कधी कॉपरचं औषध टाकलंयस का, तर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, दोनदा, पांढऱ्या ठिपक्यांसाठी. मग विषय संपला. कॉपर दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि हळूहळू परत पाण्यात उतरतं. मासे ते सोसतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि कोरल्स नाही सोसत. नवी काच घेतली, जुन्या टाकीतला स्पंजसुद्धा नाही वापरला.

वजनाचा हिशोब बहुतेक लोक करतच नाहीत. नुसतं टाकीतलं खारं पाणी, काच आणि दगड धरले तरी अडीचशे किलोच्या आसपास जातं, खाली सम्प, म्हणजे टाकीखालची फिल्टरची दुसरी टाकी, धरला तर तीनशेच्या वर. त्यामुळे स्टँड आधी लेव्हलमध्ये आणला, मग साधं पाणी भरून तीन दिवस गळती बघितली. इथे त्याचा जुना अनुभव कामी आला, मला काही सांगावं लागलं नाही.

कॅनिस्टर मात्र त्याला सोडवत नव्हता. गोड्या पाण्यात तोच राजा ना! पण रीफमध्ये बॅक्टेरियाचं काम दगड करतो, कॅनिस्टरमध्ये घाण साचून सडते आणि नायट्रेट वाढत राहतं, दर आठवड्याला उघडून धुणार असशील तर ठेव म्हटलं. शेवटी सम्पच घेतला, ७५ × ३५ × ३५ चा, म्हणजे काठोकाठ भरला तर ९० लिटरच्या वर. चालू असताना पाणी २२ सेंटीमीटरवर ठेवायचं ठरलं, म्हणजे वर साधारण ३४ लिटरची जागा मोकळी. ती मोकळी का, तर लाइट गेली की सम्पमधलं पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी रिटर्नच्या पाइपमधून उलटं खाली यायला लागतं, नोझल जितकी खोल तितकं पाणी येतं. त्याने नोझल ५ सेंटीमीटर खाली लावली होती. ९० गुणिले ४५ गुणिले ५, म्हणजे २० लिटर, शिवाय ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपातलं वेगळं. बसलं असतं सम्पमध्ये, पण जेमतेम. तो म्हणाला पाइपला छोटं भोक पाडतो, हवा घुसली की सायफन तुटेल. तुटतो, खरंय, पण त्याच भोकात एक दिवस शेवाळ जमतं किंवा गोगलगाय जाऊन बसते. म्हणून नोझल २ सेंटीमीटरवर आणली, आता ८ लिटर येतात, भोक असो नसो. आणि मग मेन स्विच बंद करून खाली बसून बघितलं, किती वर चढतं ते. सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारलीय, अजून आहे ती.

निचऱ्याला दोन पाइप, एक पूर्ण भरून सायफनने वाहणारा ज्यावर गेट व्हॉल्व्ह, दुसरा नुसता आणीबाणीसाठी थोडा उंच. व्हॉल्व्ह बॉलचा नको, गेटचाच, कारण बॉल व्हॉल्व्ह केसभर फिरवला तरी प्रवाह धाडकन बदलतो आणि मग रात्रभर गुळगुळ आवाज.

आता हीटर. त्याचं म्हणणं ३०० वॉटचा एकच चांगल्या प्रतीचा घेऊ. मी म्हटलं हीटर खराब होतो तेव्हा नुसता बंद पडत नाही, कधी कधी थर्मोस्टॅट चिकटून चालूच राहतो, आणि तेच जास्त वाईट. टाकी आणि सम्प मिळून १९० लिटर पाणी, ते एक डिग्री तापवायला साधारण ७८० किलोज्यूल लागतात, ३०० वॉटचा हीटर तासाला १०८० देतो, म्हणजे बाहेर जाणारी उष्णता धरली नाही तर तासाला सव्वा डिग्रीपेक्षा जास्त. रात्री अकराला चिकटला तर सकाळी सूप. १०० वॉटचे दोन घेतले आणि बाहेरून एक वेगळा कंट्रोलर. एक चिकटला तर तासाला अर्ध्या डिग्रीपेक्षाही कमी चढतं, आणि पाणी जसं तापतं तशी हवेत जाणारी उष्णताही वाढते, म्हणजे झोपेतून उठून काहीतरी करता येईल इतका वेळ मिळतो. एक मेला तरी दुसरा बऱ्यापैकी सांभाळतो. चिलर घेतलाच नाही, पाण्यावर पंखा लावला, तेवढ्यात २६ च्या आसपास राहतं. पण पंख्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते, रोजचे २ लिटर उडायचे ते ३ वर गेले.

आणि इथेच टॉप-ऑफचा मुद्दा आला, या प्रकरणातला खरा मुद्दा मला विचाराल तर हाच. पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे रोज जितकं उडालं तितकं गोडं, शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही. हे काम ऑटो टॉप-ऑफ करतो, सेन्सर आणि छोटा पंप. त्याला ५० लिटरचा ड्रम हवा होता, दोन आठवडे बघायला नको म्हणून. मी म्हटलं सेन्सर अडकला तर काय होईल ते आधी लिहून काढ. कागदावर केलं. १९० लिटर ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ), त्यात ५० लिटर गोडं गेलं तर खारटपणा २७.७ वर येतो, वरून १६ लिटर जमिनीवर. २० लिटर गेलं तर ३१.७, आणि सगळं सम्पच्या मोकळ्या जागेत मावतं. २७.७ ला बरीच कोरल्स हातची जातील, ३१.७ ला रुसतील पण वाचतील. कुरकुर करत २० लिटरचा कॅन घेतला. दर सहा दिवसांनी भरावा लागतो, अजून ऐकवतो मला.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधूनही गाळलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवर चालवू म्हणाला होता, पण त्यात डीआय रेझिन नसतं आणि बऱ्याचदा चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन, सिलिकेट, फॉस्फेट, तांबं, यातलं काय किती आहे ते शोधत बसण्यापेक्षा शून्यावरून सुरुवात केलेली बरी. मीठ लिटरला साधारण ३८ ग्रॅम लागलं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ च्या द्रावणाने तपासावा लागतो. त्याचा २ पीपीटी चुकीचा दाखवत होता, नवा कोरा असून.

प्रवाहासाठी दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप), समोरासमोर नाही, तिरपे, दगडावर आपटून पाणी विस्कळीत होईल असे. लाइट मधल्या दर्जाचा, पार मीटर एका ओळखीच्याकडून दोन दिवस आणला, विकत घेण्यासारखी गोष्ट नाही ती. चाळीस टक्क्यांवर लावूनही वरच्या दगडावर १८० आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण हा शंभर टक्क्यांवर लावणार होता. स्किमर मात्र त्याने माझं न ऐकता मोठाच घेतला. लक्षात ठेवा, पुढे येणारे.

सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत तयार होऊ देणं. १५ किलो कोरडा दगड आणि ओळखीच्या टाकीतून आणलेला थोडा जिवंत दगड. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर नेला. नवव्या दिवशी उतरायला लागला आणि नायट्राइट वर गेलं तसा याचा फोन, पन्नास टक्के पाणी बदलू का? गोड्या पाण्यात नायट्राइट म्हणजे माशांचं रक्त तपकिरी पडतं, गुदमरतात, त्यामुळे त्याची भीती खोटी नव्हती. पण समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की नायट्राइटला कल्ल्यातून आत जायला वावच मिळत नाही. शिवाय टाकीत मासाच नव्हता अजून! काही करू नकोस म्हटलं. आणि हो, नायट्राइट असताना नायट्रेटचं किट उगाच जास्त दाखवतं, तो आकडा बघून घाबरायचं नाही. एकतिसाव्या दिवशी २ पीपीएम अमोनिया २४ तासांत साफ झाला आणि नायट्राइटही उतरलं होतं.

मग तपकिरी डायटम्स (एक प्रकारचं शेवाळ), येतात आणि जातात. मग गोगलगायी. मग दोन क्लाउनफिश, वेगळ्या टाकीत क्वारंटाइन करून, कारण क्रिप्टोकॅरिऑन (माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) एकदा रीफमध्ये शिरला की कॉपर वापरता येत नाही आणि मग सगळे मासे काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. आठव्या आठवड्यात पहिली कोरल्स, सगळी दुसऱ्या टाक्यांत वाढवलेल्या तुकड्यांपासून. दगडी कोरल्स साइटीसच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, देशोदेशीचे नियम आणखी वेगळे, त्यामुळे कुठून आलं हे माहीत नसलेलं कोरल घ्यायचंच नाही हे आधीच ठरलं होतं. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि झोआ-पॅलिथोआ असलेला दगड कधीही उकळायचा नाही, ती वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते. हे गमतीत घेऊ नका.

चौथ्या महिन्यात बिघडलं. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारपर्यंत परत तितकेच. गोगलगायी मरायला लागल्या. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. त्याला वाटत होतं शून्य म्हणजे स्वच्छ. मोठा स्किमर चोवीस तास, त्यात त्याने फॉस्फेट ओढणारं जीएफओही टाकलेलं, मासे दोनच, खायला चिमूटभर. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर थेंबाच्या आकाराचे, एका टोकाला दोर बांधल्यासारखे गरगर फिरणारे जीव. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे शेवाळासारखे एकपेशीय जीव, बहुधा ऑस्ट्रिऑप्सिस. पाण्यात काहीच उरलं नाही की बाकीचं शेवाळ आणि बॅक्टेरिया उपाशी मरतात आणि ही मंडळी रान मोकळं बघून पसरतात.

आणि इथे गंमत झाली. इतके दिवस ज्याचा अनुभव आडवा येत होता तोच एकदम तरबेज निघाला, कारण पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुद्दाम घालायचं हे सांगितलं की बाकी रीफवाले दचकतात, याने बारा वर्षं तेच केलेलं. पोटॅशियम नायट्रेटचा डबा घरात होताच. १९० लिटरला नायट्रेट शून्यावरून ५ पीपीएम करायला दीड ग्रॅमच्या आसपास लागतं, त्यातून पोटॅशियम जेमतेम ३ पीपीएम वाढतं आणि समुद्राच्या पाण्यात ते आधीच ४०० च्या आसपास असतं, म्हणजे काही फरक नाही. फॉस्फेट ०.०५ वर आणायला मोनोपोटॅशियम फॉस्फेट फक्त १३-१४ मिलिग्रॅम, म्हणून १.४ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवून त्यातलं १० मिली. पण दुसऱ्या दिवशी मोजलं तर परत शून्य, कारण कोरडा दगड फॉस्फेट पिऊन टाकतो, आठ-दहा दिवस रोज घालावं लागलं तेव्हा आकडा टिकला. फक्त एक सांगितलं, की ते सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्र खत आहे ना तुझं, त्याला हात लावू नकोस, त्यात तांबं असतं. जीएफओ काढला, स्किमर फक्त रात्री, तीन दिवस लाइट बंद, आणि पाणी ज्यातून जातं असा एक यूव्ही दिवा लावला कारण ही जात रात्री पाण्यात सुटते. जी जात वाळूतच राहते तिला यूव्हीचा उपयोग नाही, म्हणून आधी मायक्रोस्कोप. पाच आठवडे लागले. माझ्या मते हे सगळं टाळता आलं असतं, लहान स्किमर आणि एखादा मासा जास्त, बस. पण हेही खरं की मी त्याला शून्यावर ठेवू नको हे स्पष्ट शब्दांत कधी सांगितलं नव्हतं, मला वाटलं माहीत असेल.

सहाव्या महिन्यात अल्कलिनिटी घसरायला लागली, म्हणजे कोरल्स सांगाड्यासाठी वापरतात ते पाण्यातलं कार्बोनेट, डीकेएचमध्ये मोजतात. ८.२ डीकेएच होती, रोज ०.३ कमी. तो म्हणाला पाणी बदलतोयच की आठवड्याला दहा टक्के. आठवड्यात २.१ उतरली आणि दहा टक्के पाण्याने परत येणार ०.२, कसं पुरेल! कॅल्शियम मात्र ४२० च्या आसपासच दिसत होतं, त्यामुळे त्याला वाटलं किट खराब. तसं नसतं, कोरल सांगाडा बनवताना २.८ डीकेएचमागे फक्त २० पीपीएम कॅल्शियम खर्च होतं, म्हणजे याच्या टाकीत दिवसाला २, ते किटवर दिसतच नाही. अल्कलिनिटी आधी ओरडते. ०.३ भरून काढायला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास खायचा सोडा पुरतो, मग त्याच हिशोबाने कॅल्शियम क्लोराइड, दोन वेगळ्या डब्यांत आणि दोन वेगळ्या वेळी, एकत्र झालं की पांढरा चुना. आता डोसिंग पंप दिवसात बारा वेळा थोडं थोडं टाकतो.

आणि मग सातव्या महिन्यात व्हायचं ते झालंच. सकाळी सहाला फोन, कोरल्स सगळी मिटलीत आणि सम्पमधलं पाणी खूप वर आलंय. एक ट्रोकस गोगलगाय ओव्हरफ्लोमधून सम्पात उतरून बरोब्बर सेन्सरवर जाऊन बसली होती, सेन्सरला वाटलं पाणी कमी आहे, पंप रात्रभर चालू. कॅनमध्ये उरलेलं १४ लिटर आत गेलं होतं. रिफ्रॅक्टोमीटर ३२.६. जमीन कोरडी.

तो मिठाचा डबा उघडून उभा होता. मी म्हटलं थांब, काही टाकू नकोस, काही काढूही नकोस. मीठ कुठे गेलंय का? थेंबभरही बाहेर सांडलं नाही, सगळं टाकीतच आहे, फक्त १४ लिटर पाणी जास्त झालंय. टॉप-ऑफचा प्लग काढ आणि पंखा चालू ठेव. रोज ३ लिटर उडतंय, पाच दिवसांत पाणी जागेवर येईल आणि ३५ आपोआप होईल, तेही हळूहळू, जसं व्हायला हवं तसं. त्याला पटायला अर्धा तास लागला, गोड्या पाण्यातल्या माणसाला काहीच न करणं फार जड जातं. फक्त एक तपासलं, की अशा भरलेल्या सम्पमध्ये लाइट गेली तर उलटं येणारं पाणी मावेल का. मोकळे २० लिटर, येणार ८ आणि पाइपातलं दोन-तीन. मावतं. नोझल ५ सेंटीमीटरवर असती तर नसतं मावलं.

तिसऱ्या दिवशी झोआ उघडले, पाचव्या दिवशी ३४.९. टॉर्च कोरलचं एक डोकं गेलं, बाकी सगळं वाचलं.

आता चौदा महिने झालेत. अल्कलिनिटी ८ ते ८.४ मध्ये, नायट्रेट ५ ते ८, फॉस्फेट ०.०६ च्या आसपास. वरच्या दगडावर, जिथे १८० आला होता तिथे, माँटिपोरा या एसपीएसचा एक तुकडा लावलाय, अ‍ॅक्रोपोरा मागतोय पण मी अजून हो म्हटलेलं नाही. सेन्सरभोवती प्लास्टिकच्या जाळीचा पिंजरा केलाय. गोगलगाय तीच आहे, अजून अधूनमधून सम्पात सापडते, जाळीवर बसलेली.